ताईबरोबर गाडीने : पावस ते विजयदुर्ग, राजापूरच्या सड्यांवरून

अनुजा_के

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जमलं.

कोकणात फिरायला कुठे जाऊ असं विचारलं की आपल्याकडे ठरलेली उत्तरं येतात, वर अलिबाग-मुरुड-दापोली नाहीतर एकदम खाली मालवण-तारकर्ली आणि पुढे गोवा. मधला पट्टा, म्हणजे रत्नागिरी सोडल्यावर पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे, आंबोळगड, जैतापूर, मग वाघोटणची खाडी ओलांडून विजयदुर्ग, हा कुणाच्या यादीत नसतो. लोक मुंबई-गोवा हायवेने राजापूरला चहा घेतात आणि पुढे निघून जातात. आम्ही दोघी बहिणी फेब्रुवारीच्या शेवटी मुद्दाम एवढाच भाग बघायला गेलो आणि तेही घाई न करता. त्याबद्दल लिहिते.

आधी आमच्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या. समुद्र आमच्या लहानपणात नव्हताच, होता तो माळ. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, मी पाचवीत असताना तिचं लग्न झालं. एका घरात वाढलो म्हणायचं पण एकत्र अशी वर्षं फार कमी मिळाली, त्यानंतर भेटी झाल्या त्या लग्नकार्यात, दवाखान्यात, आईच्या आजारपणात. ताई शाळेत भूगोल शिकवायची, आता रिटायर झाली. तिनेच फोन करून सांगितलं की मला कोकणातले सडे, म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारं, बघायचीत, आयुष्यभर पोरांना जांभा खडक शिकवला पण त्याच्यावर पाय ठेवून चालले नाही. मी म्हटलं गाडी माझी, ड्रायव्हिंग माझं, कुठे थांबायचं ते तू सांग.

पुण्याहून कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा असं रत्नागिरीला उतरलो. रस्त्याची कामं चालू होती त्यामुळे वेळ गेला पण घाट छान आहे. रत्नागिरीत मुक्काम केला आणि सकाळी भाट्याच्या पुलावरून काजळी नदी ओलांडली की लगेच फरक कळतो, ट्रॅफिक संपतं, रस्ता अरुंद होतो आणि सुरू होते ती चढउतार. खाली उतरलात की वाडी, माडाची आगरं, चिऱ्यांचे गडगे, सावली, ओलावा, आणि चढून वर आलात की एकदम उघडा काळसर-तांबडा कातळ, वाळलेलं पिवळं गवत, झाड नाही की घर नाही, लांबवर समुद्राची एक रेघ. पाच-दहा मिनिटांनी परत खाली. हे दिवसभर चालू राहतं. पहिल्या सड्यावर आलो तशी ताई म्हणाली थांबव, आणि उतरून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, अगं हा तर आपलाच माळ आहे, फक्त ह्याच्या टोकाला समुद्र आहे.

मला हेच सांगायचंय ह्या धाग्यात. कोकण म्हणजे हिरवं आणि बीच असं आपण धरून चालतो, त्यामुळे मधल्या ह्या उघड्या जागा गाडीच्या काचेतून पळून जातात. इथे सडा हीच बघण्याची गोष्ट आहे, समुद्र त्याच्याबरोबर मिळतो. ताईने मला गाडीतच समजावलं की मूळचा खडक बेसॉल्टच, आपल्या देशावरचाच, पण लाखो वर्षं भरपूर पाऊस आणि उष्णता ह्याने त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, ती वरून घट्ट झाली तो हा जांभा. सच्छिद्र असल्यामुळे पावसाचं पाणी आत मुरतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येतं. म्हणून वाड्या खाली, पाण्याजवळ. म्हणजे खालचं सगळं हिरवं ज्याच्यावर उभं आहे तो वरचा उघडा कातळच. हे कळल्यावर मग प्रत्येक चढ वेगळा दिसायला लागला मला.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं. पुढे पूर्णगड, मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेकाडावर छोटासा किल्ला. गाडी खाली लावून वाडीतून पाखाडीने चढायचं. अर्ध्या तासात बघून होईल एवढा आहे पण समुद्राकडच्या दरवाज्यात बसलात तर उठवणार नाही. तटावरून एका बाजूला खाडी आणि पूल, पलीकडे गावखडीची वाळूची पुळण आणि सुरूचं बन. गावखडीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गावातले लोक वनखात्याबरोबर घरटी राखतात. आम्हाला पिल्लं बघायला मिळाली नाहीत, कुंपणातली घरटी बघितली. तिथला राखणदार मुलगा ताईला इतक्या आस्थेने सगळं सांगत होता, कोणत्या घरट्यात कधी अंडी ठेवली, साधारण 50-55 दिवसांनी पिल्लं येतात, ताईच्या डोळ्यात आपला विद्यार्थी बघितल्याचं सुख दिसत होतं.

मग कशेळी. इथे जास्त वेळ ठेवा, अगदी आख्खा दिवस ठेवा. कनकादित्याचं देऊळ, सूर्याची मूर्ती. आख्यायिका अशी की सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे समुद्रात अडलं, मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली तेव्हा ते हललं, पुढे कनकाबाई नावाच्या भक्त स्त्रीला दृष्टांत झाला आणि गावात स्थापना झाली. देवस्थानाकडे शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ताम्रपट आहे, बाराव्या शतकातला. रथसप्तमीचा उत्सव मोठा. देवळाचं आवार इतकं शांत की दुपारी आम्ही दोघी तिथेच टेकलो. देवघळी म्हणून कड्याखाली एक चंद्रकोरीसारखी पुळण आहे, वरून बघा, उतरा पण लाटांना जोर असतो, पाण्यात जाऊ नका.

आणि कशेळीच्या सड्यावरचं कातळशिल्प. गावातल्या एका काकांना बरोबर घेतलं होतं. आपण चालत जातो तेव्हा पायाखाली नुसत्या कोरलेल्या रेघा दिसतात, काही म्हणजे काही अर्थ लागत नाही. काका म्हणाले इकडे या, इथे उभ्या राहा, ही सोंड. मग नजर हळूहळू फिरवली तसा पाय, पोट, पाठ, आणि एकदम कळलं की आपण एका हत्तीच्या कडेला उभ्या आहोत, साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेले. अभ्यासक ही चित्रं दहा-बारा हजार वर्षं मागे नेतात. ताई खाली बसून हवेतच बोटाने ती रेघ गिरवत होती, कातळाला हात न लावता. म्हणाली, शाई नाही कागद नाही, आणि वरून बघायची सोय नसताना एवढं प्रमाण धरलं कसं असेल गं. मला काहीच बोलता येईना. तिथे वारा इतका होता की काका ओरडून बोलत होते.

पुढचं थोडक्यात. आडिवऱ्याला महाकाली, तिथून आत देवीहसोळच्या सड्यावर चौकटीसारखं भौमितिक कातळशिल्प. मुक्काम आंबोळगडला, घरगुती. किल्ला म्हणजे पडका तट आणि मोठा वड. नाट्याचा यशवंतगड झाडीत आहे पण बुरुज बघण्यासारखे, जैतापूरची खाडी समोर. मग माडबन, वाघोटणचा पूल आणि विजयदुर्ग. विजयदुर्गबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, गेल्या वर्षी 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थळांमध्ये आला, त्यामुळे मी लिहीत नाही, फक्त एवढंच की परंपरेने हा किल्ला बांधण्याचं श्रेय त्याच शिलाहार भोजाला देतात ज्याचा ताम्रपट कशेळीला आहे, आणि हे ताईने तटावर उभं राहून सांगितलं तेव्हा दोन दिवसांमागचं देऊळ आणि हा दर्या एकाच माणसाच्या राज्यातले म्हणून जोडले गेले. गिर्यातलं रामेश्वर मात्र चुकवू नका, कातळ फोडून केलेल्या वाटेने खाली देवळात उतरतो आपण, तिथे गलबतावरची मोठी घंटा टांगलेली आहे.

खाण्याचं : ओल्या काजूगरांची उसळ, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, आंबोळगडला तळलेला बांगडा आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. ताई माळकरी आहे, तिच्यासाठी त्या घरच्या वहिनींनी रोज वेगळं केलं, फणसाच्या कुयरीची भाजी तर अशी की ताईने वहीत लिहून घेतली.

प्रश्न असतील तर विचारा, माहिती आहे ते सांगेन.

---

खाडीकाठ

वाह!! वाचनखूण साठवली. अनुजाताई, मी नाट्याजवळचाच, आता ठाण्यात. आमच्या भागाबद्दल कुणीतरी किल्ला-बीच सोडून सड्याबद्दल लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. लहानपणी सडा म्हणजे गुरं चारायची जागा, करवंदं-जांभळांची जागा, आणि पावसात तिथे पाणी साचायचं त्या डबक्यांची जागा. आजी सांगायची ती चित्रं पांडवांनी एका रात्रीत काढली, त्याच्यावर बसायचं नाही, तेवढंच माहीत. आम्ही त्याच्या बाजूला क्रिकेट खेळलोय पण त्याच्यावरून पळायचं नाही हे पक्कं होतं. पुढे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून ही शोधली तेव्हा आम्हाला कळलं की आपल्या घराच्या वर काय आहे. ह्या माणसांचे उपकार आहेत.

---

मेधा_व्ही

किती सुंदर लिहिलंय. मला प्रवासापेक्षा बहिणींचं वाचायला आवडलं खरं सांगू का. माझ्यात आणि भावात अकरा वर्षांचं अंतर, आम्ही दोघं गाडीत एकटे कधी बसलोय आठवत नाही. तुम्ही बोललात काय इतके दिवस? म्हणजे खासगी सांगू नका पण अवघड नाही का जात?

---

अनुजा_के

@खाडीकाठ, धन्यवाद, आजीची गोष्ट ताईला वाचून दाखवली.

@मेधा_व्ही, अवघड नाही गेलं, आणि त्याचं श्रेय गाडीला आहे. गाडीत दोघींचं तोंड रस्त्याकडे असतं, एकमेकींकडे बघून बोलावं लागत नाही. पहिल्या दिवशी खडक, झाडं, रस्ता एवढंच. आंबोळगडला जाताना ताई आपणहून आईबद्दल बोलली. मी लहान होते तेव्हाची आई मला आठवते ती थकलेली, चिडणारी. ताईला आठवते ती गाणी म्हणणारी, तिच्याबरोबर बोरं वेचायला माळावर जाणारी. एकच बाई, आम्हाला वेगवेगळ्या वयात मिळाली. नऊ वर्षांत घरात काय काय झालं, वडिलांची नोकरी कशी गेली, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, लहान म्हणून. ते मला पन्नाशीला टेकल्यावर जैतापूरच्या खाडीच्या पुलावर कळलं. मी गाडी पुलापलीकडे कडेला घेतली आणि आम्ही दोघी थोडा वेळ बसलो. तर भावाला घेऊन जा. कुठेही जा, पण मुलं-बाळं-नवरा-बायको न घेता दोघंच जा.

---

निळू77

छान लेख. फोटो टाका की! आणि कातळशिल्पांची लोकेशन्स पण द्या प्लीज, मॅपवर पिन टाकलीत तर सगळ्यांना सोपं होईल. आम्ही चार मित्र बाइकवर जातोय.

---

अनुजा_के

@निळू77, फोटो आज रात्री. पिन मात्र मी देणार नाही, राग मानू नका. कशेळी, देवीहसोळ, बारसू, रुंढेतळी, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण ही नावं जाहीर आहेत, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 पासून आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ धरून. गावात जा, देवळाजवळ कुणालाही विचारा, माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. काही ठिकाणी चिऱ्यांचा कठडा आणि बोर्ड आहे, काही ठिकाणी काहीच नाही, आपल्याला कळायच्या आत चाक किंवा बूट त्या रेघेवर गेलेला असतो. बाइक सड्यावर घालू नका एवढी हात जोडून विनंती.

---

निळू77

राग नाही. पण पटलं नाही पूर्ण. लपवून ठेवलं तर लोकांना कळणार नाही आणि कळलं नाही तर वाचवणार कोण? जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणी तर रोज सडे कापतायत, त्यांना लोकेशन विचारायची गरज नाही पडत. लोक आले, गावाला पैसे मिळाले की गावच राखेल ना.

---

कातळ

निळूंचा मुद्दा योग्य आहे, आणि अनुजांचाही. मी राजापूर तालुक्यातच राहतो म्हणून लिहितो. कागदावर आमचे सडे बरेचदा पडीक जमीन म्हणून धरले जातात. पडीक म्हटलं की खाण द्या, प्रकल्प द्या, कुणाला काही वाटत नाही, जिथे काहीच नाही तिथे काय बिघडणार. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका-माणसं उन्हात कातळावर झोपली होती ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. प्रकल्प हवा की नको ह्याच्यावर गावात दोन्ही मतं आहेत, त्यात मी इथे पडत नाही, रोजगार नाही म्हणून आमची निम्मी घरं बंद आहेत हेही खरंच आहे. पण "तिथे काहीच नाही" हे वाक्य मात्र खोटं आहे. बारसूला माणसाच्या दोन्ही बाजूंना वाघ कोरलेलं शिल्प आहे. कोकणातल्या ह्या चित्रांमध्ये गेंडा आहे, जो आज इथे कुठेच नाही, म्हणजे कोरणाऱ्याने बघितलेला निसर्ग आपल्यासारखा नव्हता.

आणि सजीव म्हणाल तर फेब्रुवारीत आलात म्हणून पिवळं गवत दिसलं. ऑगस्ट-सप्टेंबरला या. कातळावर जिथे चिमूटभर माती आहे तिथे सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, त्या कीटक पकडणाऱ्या वनस्पती आहेत कारण कातळात पोषण नाही म्हणून. गेंद फुलतो, पांढरा. डबक्यात बेडूक. महिना-दीड महिना सगळा सडा रंगीत असतो आणि मग ऊन पडलं की संपलं.

तर लोकांनी यावं, पण गावाच्या हाताला धरून यावं. पिनपेक्षा माणूस बरा.

---

खाडीकाठ

+1 कातळ. शेवटचं वाक्य सगळ्यांनी लिहून ठेवा.

---

दर्यासारंग

विजयदुर्गवर लिहिलं नाहीत म्हणून मी भर घालतो. ह्या किल्ल्यावरून लॉकियर नावाच्या शास्त्रज्ञाने 1868 ला सूर्यग्रहण बघताना हेलियमचा शोध लावला. साहेबाचे ओटे अजून आहेत. प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी जागा.

---

वेधशाळा_गल्ली

@दर्यासारंग, अभिमान आहेच, पण तपशील नीट सांगूया म्हणजे तो टिकेल. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण दख्खनवरून गेलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच. त्याने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट बघितला. सोडियमच्या रेषांजवळची ती पिवळी रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे नवं मूलद्रव्य मानलं गेलं. पृथ्वीवर हेलियम सापडला 1895 ला, रॅम्सेला. विजयदुर्गकर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात, शाळेची मुलं येतात, ते फार चांगलं आहे. आपल्या किनाऱ्यावरून त्या ग्रहणाची सावली गेली हे सांगायला लॉकियर तिथे असण्याची गरजच नाही.

---

दर्यासारंग

हे माहीत नव्हतं, खरंच धन्यवाद. गावातल्या लोकांकडून लहानपणापासून ऐकलं तेच लिहिलं. मग आरमाराबद्दल लिहितो, ते पक्कं आहे. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह इंग्रजांचं आरमार घेऊन आले, पेशव्यांचं सैन्य जमिनीकडून होतं, आणि तुळाजी आंग्र्यांचं सगळं आरमार इथल्या बंदरात जळालं. मराठ्यांनीच इंग्रजांना हाताशी धरून मराठ्यांचं आरमार जाळलं. तटावर उभा राहिलो की मला दरवेळी तेच आठवतं आणि घशाशी येतं काहीतरी. खाडीत थोडं आत गेलात तर आंग्र्यांची गोदी आहे, जहाजं दुरुस्त करायची, ती बघायला फार कमी लोक जातात. ताईंना नक्की आवडली असती.

---

अनुजा_के

अरे गोदी राहिली आमची! पुढच्या वेळी नक्की. @वेधशाळा_गल्ली, ताईने तुमची पोस्ट शाळेतल्या जुन्या बाईंच्या ग्रुपवर पाठवली आहे.

---

बे_एरिया_वाली

डिसेंबरमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंच येतोय, पंधरा वर्षांनी दोघं एका वेळी भारतात. आईबाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. आधी गोव्याला जायचं म्हणत होतो, हा धागा वाचून बेत बदलला. काही प्रश्न : दोघी बायका होता तर सेफ वाटलं का? रात्री ड्रायव्हिंग? पेट्रोल, एटीएम, नेटवर्क? हॉटेल बुक केलं होतं का? आणि मुंबईहून यायचं तर सरळ किनाऱ्याने येता येतं का?

---

अनुजा_के

सेफ, अगदी निःशंक. उलट प्रत्येक ठिकाणी "दोघीच आलात?" ह्या प्रश्नामागून पाणी, कोकम सरबत किंवा जेवायचं आमंत्रण आलं. रात्री गाडी चालवली नाही, तुम्हीही नका, रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत आणि गुरं रस्त्यावर बसलेली असतात. रत्नागिरीतच टाकी फुल करा, रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क सड्यावर येतं आणि वाडीत उतरलं की जातं त्यामुळे मॅप आधी डाउनलोड करा. हॉटेलं जवळपास नाहीतच, घरगुती राहणं आहे, आधी फोन करून जा आणि जेवायला काय हवं ते आदल्या दिवशी सांगा, त्या बायका बाजारातून मासळी त्याप्रमाणे आणतात.

---

दर्यासारंग

मुंबईहून किनाऱ्याने येता येतं. रेवस-रेडी सागरी मार्ग कागदावर सलग आहे, प्रत्यक्षात खाड्या आडव्या येतात, तिथे फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, ह्या सगळ्यांवर गाडी चढवता येते. खाडीपुलांची कामं काढली आहेत, ती झाली की हा प्रवास बदलेल, म्हणून बोटीने जायचं असेल तर आत्ताच जा. भावाबरोबर गाडीसकट बोटीत उभं राहून खाडी ओलांडण्यात जे आहे ते पुलावर नाही. पण सगळा किनारा एका दमात करू नका, थकाल. परत जाताना देवगड, नांदगाव तिठा, फोंडा घाट, राधानगरी करून कोल्हापूरला निघता येतं.

---

मेधा_व्ही

भावाला लिंक पाठवली. त्याचा रिप्लाय आला, "सप्टेंबर. सीतेची आसवं. गाडी मी चालवणार." तो कधी एका ओळीपेक्षा जास्त लिहीत नाही. @कातळ, सप्टेंबरच्या कोणत्या आठवड्यात यावं?

---

कातळ

गणपती बघून ठरवा. गणपतीत प्रत्येक घर भरलेलं असतं, राहायला जागा आणि माणसाला वेळ दोन्ही नसतं. विसर्जन झालं की लगेच या, पाऊस उघडझाप करत असतो आणि फुलं असतात. शेवाळलेला कातळ फार निसरडा होतो, रबरी पकड असलेले बूट घाला आणि कातळशिल्पाजवळ आलात की ते काढून कडेने फिरा. पावसाळ्यात त्या कोरलेल्या रेघांमध्ये पाणी साठतं आणि आकृती उन्हाळ्यापेक्षा स्पष्ट दिसते, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा. येण्याआधी मला इथेच निरोप टाका, देवाचे गोठण्याला मी येतो बरोबर. तिथल्या कातळावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे फिरते, भावाला होकायंत्र आणायला सांगा, मोबाइलमधलं नको, खरं सुईचं.